लाइन बंडलवरील होमोटोपी बीजगणित

अवकल भूमितीतील एक संरचना. मॅनिफोल्डच्या (जवळून पाहता सपाट भासणाऱ्या अवकाशाच्या) प्रत्येक बिंदूवर एकेक रेषा जोडली की लाइन बंडल होते. प्रत्येक रेषेवरचा एक बिंदू सलगपणे निवडला की त्याचा छेद मिळतो. या छेदांवरील ली कंस (दोन छेदांपासून तिसरा देणारी, क्रम उलटताच चिन्ह बदलणारी व याकोबी नित्यसमीकरण पाळणारी क्रिया) आणि त्याचे होमोटोपीपर्यंत सैल केलेले, म्हणजे नियमातील तफावत आणखी कंसांनी भरून काढणारे रूप (होमोटोपी ली बीजगणित), हा या नोंदीचा विषय.

कोकणातील उलांडीची (एका बाजूला तोल राखणारा ओंडका जोडलेली) होडी येथे उदाहरण म्हणून उपयोगी पडते. खाडीत होडी कोठे आहे आणि तिची लांबीची रेषा कोणत्या दिशेला आहे, एवढ्यावरून त्रिमितीय मॅनिफोल्ड मिळते. नाळ (पुढचे टोक) कोणती व मागचे टोक कोणते, हा भेद मात्र करायचा नाही. होडी लांबीच्या रेषेत सरकते, जागच्या जागी वळते, पण आडवी घसरत नाही, या अटीला संपर्क संरचना म्हणतात. वर्ज्य केलेली आडवी दिशा हेच लाइन बंडल. आता होडी अर्धा फेरा वळवावी: लांबीची रेषा पूर्ववत होते, पण उलांडी पलीकडे गेलेली असते. बंडल मोबियसच्या पट्टीसारखे पिळलेले आहे; कोठेही शून्य न होणारा छेद त्याला नाही.

गणितज्ञ किरिल्लॉव्ह यांनी १९७६ मध्ये छेदांवरील स्थानिक ली कंसांचा अभ्यास मांडला. लिश्नेरोविच यांचे याकोबी मॅनिफोल्ड (१९७८) फलनांवर कंस देते, म्हणजे बंडल पिळलेले नाही हे गृहीतच धरते. होडीचे उदाहरण त्यात मावत नाही. किरिल्लॉव्ह यांची मांडणी म्हणूनच अधिक स्वाभाविक वाटते.

होमोटोपी ली बीजगणिताचा आरंभ निरनिराळ्या ठिकाणी मानला जातो. सलिव्हन यांच्या १९७७ च्या लघुतम प्रतिमानांत (अवकाशांच्या आटोपशीर बीजगणितीय रूपांत) ते द्वैत रूपात आढळते. श्लेसिंजर व स्टॅशेफ यांच्या विरूपण (संरचना किंचित बदलण्याच्या) सिद्धांतात (१९८५) ते उघड दिसते. भौतिकीतील वाचक बहुधा बंद तंतूंच्या (क्लोज्ड स्ट्रिंग) क्षेत्र सिद्धांताकडे बोट दाखवतात. साहचर्य नियमाचे समांतर रूप स्टॅशेफ यांनी १९६३ मध्येच दिले होते, हे पाहता मूळ संस्थितिविज्ञानात (टोपॉलॉजीत) शोधणे सयुक्तिक. येथे एक, दोन, तीन अशा कितीही घटकांचे कंस असतात. दोन घटकांच्या कंसाला याकोबी नित्यसमीकरण ([a,[b,c]] च्या तीन चक्रीय रूपांची बेरीज शून्य) तंतोतंत लागू पडत नाही. राहिलेली तफावत एक व तीन घटकांचे कंस मिळून भरून काढतात.

लाइन बंडलवरील आवृत्ती ब्रूस व टॉर्टोरेला यांनी २०१६ मध्ये मांडली. तिचा उपयोग सहसमदिक् उपमॅनिफोल्डांच्या (ज्यांच्यावर शून्य होणाऱ्या छेदांचा कंसही तेथे शून्य होतो, अशांच्या) विरूपणात होतो. न घसरता चाललेल्या होडीचा मार्ग हे अशा उपमॅनिफोल्डाचे सर्वांत साधे उदाहरण.