पडद्यावर वेल्डिंग शिकता येत नाही?

वागळे इस्टेट असो की रबाळे, वर्कशॉपात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आयटीआयच्या पोरांना प्रोजेक्टर कशाला? हात काळे झाले की येतं सगळं." अर्धं खरं आहे. पडदा बघून हात बसत नाही. पण हात कुठे चुकतोय हे शिकणाऱ्याला हेल्मेटच्या काळ्या काचेमागून कळत नाही, आणि वेल्डिंगच्या बूथमध्ये सरांच्या खांद्यावरून दोघा-तिघांनाच दिसतं.

उपाय स्वस्तातला आहे: पोराचं वेल्डिंग चित्रित करा. मोबाइल स्टँडवर, जॉबपासून (वेल्ड करायच्या तुकड्यापासून) दोन फुटांवर. लेन्ससमोर ११ नंबरची वेल्डिंग काच, तिच्यापुढे ठिणग्यांसाठी साधी काच. काळी काच विसरलात तर नुसता पांढरा गोळा दिसतो, कॅमेऱ्याचा सेन्सरही जाऊ शकतो. आर्क (रॉडच्या टोकाची विजेची ज्योत) पेटल्यावर फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा (लॉक करणाऱ्यानेही हेल्मेट घालायचं, हे बरेचजण विसरतात). ३.१५ मिमीचा रॉड, साधारण ११० अँपिअर, १०० मिमीचा एकच बीड (वेल्डची रेघ) पुरे.

मग तेच चित्रण लगेच पडद्यावर, हळू गतीने. रॉड जळत आखूड होतो तसा हात खाली यायला हवा. तो येत नाही, आर्कची लांबी ३ मिमीवरून ६ वर जाते, बीड पसरतो, शिंतोडे उडतात. पोराला ते दिसलं की त्याला तडक पुन्हा बूथमध्ये पाठवा, उद्यावर ढकलू नका.