एमओटी पास, पण इंजिनाचं काय? जुन्या पोर्शेची दोन बाडं

गेल्या हिवाळ्यात माझ्या आतेभावाचा रेडिंगहून फोन आला. इथे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. "दादा, ९११ सापडली. २००३ ची. पठ्ठी इतक्या वर्षांत फक्त दोनदा नापास झालीय, तेही एकदा वायपरसाठी!" त्यानं ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून एमओटीचा, म्हणजे तिथल्या वार्षिक तपासणीचा, सगळा इतिहास वाचून काढला होता. मी विचारलं, सर्व्हिसची फाईल बघितलीस का? तर म्हणाला, "हीच की ती."

ती ही नव्हे. पण घोळ होतो खरा, कारण विकणारा दोन्हींना 'हिस्टरी' म्हणतो आणि जाहिरातीत दोन्ही एका ओळीत ठोकून देतो.

एमओटी ही सरकारनं सक्तीची केलेली तपासणी. १९६० साली सुरू झाली. आता गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी करावी लागते. ब्रेक, टायर, स्प्रिंगा, स्टिअरिंगचे सांधे, दिवे, चॅसीचा गंज, सायलेन्सरचा धूर हे सगळं बघतात. गाडी आज रस्त्यावर कुणाच्या जिवावर उठणार नाही ना, एवढाच प्रश्न. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था या तपासणीत येत नाही, असं सरकार स्वतःच लिहून ठेवतं. जुन्या ९११ मध्ये माणसाचं दिवाळं काढणाऱ्या वस्तू नेमक्या ह्याच तीन.

त्यातही इंजिन. १९९७ च्या सुमारास पोर्शेनं ९११ चं हवेवर थंड होणारं इंजिन सोडून पाण्यावर थंड होणारं बसवलं. ही ९९६ पिढी, आतेभावाला सापडलेली २००३ ची त्यातलीच. टर्बो आणि जीटी३ या प्रकारांत वेगळं इंजिन असल्यामुळे त्या पुढच्या दुखण्यातून सुटल्या. साध्या कॅरेरात मात्र क्रँकशाफ्टची गती कॅमच्या साखळ्यांपर्यंत नेणारा एक मधला शाफ्ट असतो आणि त्याच्या टोकाला एक सीलबंद बेअरिंग. शौकीन मंडळी त्याला नुसतं आयएमएस (इंटरमीडिएट शाफ्ट) म्हणतात. ते गेलं की टायमिंग हुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन भंगारात. अमेरिकेत यावरून ग्राहकांनी सामूहिक दावा लावला, तो २००१ ते २००५ च्या मॉडेलांसाठी २०१३ मध्ये तडजोडीनं मिटला. गोळ्यांच्या एकेरी ओळीच्या बेअरिंगचं निकामी होण्याचं प्रमाण साधारण ८ टक्के, जुन्या दुहेरीचं १ टक्क्याहून कमी, हे आकडे त्याच दाव्यातून सर्वांना कळले. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव गाड्या ठणठणीत. पण उरलेल्या आठांतली आपल्या दारात आली तर तो हिशेब सुचत नाही.

हे बेअरिंग बघायचं तर गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवावं लागतं. एमओटीवाला गाडी लिफ्टवर घेऊन खालून बॅटरी मारतो, तेवढ्यात ते कसं दिसणार? म्हणून ते शोधायचं सर्व्हिसच्या फाईलमध्ये, आणि तिथेही शिक्क्यांच्या पुस्तकात नाही, बिलांत. शिक्का म्हणजे गाडी गॅरेजात येऊन गेली, इतकंच. तिच्या पोटात हात घातला की नाही ते बिल सांगतं. क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवलाच असेल तर शहाणा मालक त्याच मजुरीत आयएमएसही बदलून घेतो. तेव्हा क्लचचं बिल काढायचं आणि ओळ न् ओळ वाचायची.

मग एमओटीची यादी फुकट गेली का? मुळीच नाही. ती गाडीची रोजनिशी आहे, आणि मालकानं लिहिलेली नाही, म्हणून जास्त खरी. पहिली गोष्ट मैल. दर तपासणीला आकडा नोंदतात. तो बिलांवरच्या आकड्यांशी तारीखवार लावून बघायचा. कुठे उलटा गेला तर विषय संपला. (२०२० मध्ये खाडा दिसला तर घाबरू नका, कोविडमुळे मुदती सहा महिन्यांनी वाढवल्या होत्या.) दुसरी गोष्ट सूचना, म्हणजे पास करूनही लिहिलेले शेरे. आमच्या ९११ च्या यादीत २०१४ ते २०१८ या चार वर्षांत गाडी जेमतेम १,९०० मैल चालली होती आणि सलग तीन वर्षं तोच शेरा होता: मागच्या टायरना चिरा. आतेभावाला कमी मैल बघून आनंद झाला होता. मला दिसला तो गाडी झाकून ठेवून तिच्याकडे ढुंकूनही न बघणारा मालक. त्या चार वर्षांत ऑइल कितीदा बदललं? फाईलमध्ये एकच बिल.

त्याच्याच पुढे २०१९ ला एक शेरा: ऑइलची गळती, पण जास्त नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाजवळून ओल येत असेल तर क्रँकचं मागचं सील किंवा त्याच आयएमएसचं झाकण, दोघांपैकी एक. यादी बोट दाखवते, निदान करत नाही. शिवाय शेरे लिहिणं तपासनिसाच्या स्वभावावरही असतं. एखादा पानभर लिहितो, दुसरा 'पास' म्हणून चहाला जातो. म्हणून कोरी यादी बघून मी हुरळत नाही. स्प्रिंग तुटून नापास झालेली, लगेच नवी बसवून पास झालेली आणि फाईलमध्ये तिचं बिल असलेली गाडी मला जास्त आवडते.

जर्मनीतही हाच गोंधळ मोठ्या प्रमाणावर होतो. तिथल्या टीयूव्ही या तपासणी संस्थेच्या अहवालात ९११ अनेकदा सर्वांत कमी दोषांची गाडी ठरली आहे आणि लोक त्यावरून ती सर्वांत भरवशाची म्हणतात. पण ती आकडेवारीही सक्तीच्या तपासणीचीच, आणि गाडी कमी चालणारी, मालक हौशी. आपल्याकडे खासगी गाडीला १५ वर्षं होईपर्यंत फिटनेस तपासणी नसल्यामुळे हा मोह कमी. पीयूसी दाखवून 'इंजिन मख्खन' म्हणणारे एजंट भेटतात, ते सोडा.

तर, क्लचचं बिल. विकणारा ठासून सांगत होता, बेअरिंग बदललंय, पुरावा आहे. आतेभावानं बिलाचा फोटो पाठवला. २०१२ सालचं, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि 'रिलीज बेअरिंग'. ते क्लचचं बेअरिंग, प्रत्येक क्लच-किटमध्ये येतं; आयएमएसशी त्याचा संबंध नाही. माणूस खोटं बोलत होता की त्यालाही फरक ठाऊक नव्हता, कोण जाणे. आतेभावानं किंमत पाडून मागितली, समोरचा हलला नाही. आता तो २००९ नंतरची शोधतोय, ज्यांच्या इंजिनात हा शाफ्टच नाही. बजेट पार कोलमडलंय, पण परवा फोटो आले ते आधी बिलांचे.