हयातीचा दाखला: अंगठा उमटला नाही तर काय करावे?

निवृत्तिवेतन सुरू राहण्यासाठी हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो आणि 10 नोव्हेंबर 2014 रोजी सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' सुविधेमुळे तो आधारच्या बायोमेट्रिक पडताळणीने देता येतो. त्यासाठी आधार क्रमांक, पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) क्रमांक, निवृत्तिवेतनाचे बँक खाते आणि मोबाईल क्रमांक लागतो. मात्र निवृत्तिवेतन देणाऱ्या बँकेत वा कार्यालयात आधार आधीच नोंदवलेला असला पाहिजे. पुनर्विवाह किंवा पुनर्नियुक्ती झालेल्यांना ही सुविधा नाही; त्यांनी कागदी दाखलाच द्यावा.

खरी अडचण अंगठ्याची आहे. ज्यांचे आयुष्य यंत्रावर किंवा चुना-सिमेंटमध्ये गेले, त्यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात, आणि वयामुळे कोरडी पडलेली त्वचाही यंत्राला वाचता येत नाही. अशा वेळी केंद्रावरील माणूस तोच अंगठा पुन्हा पुन्हा दाबायला लावतो आणि शेवटी 'उद्या या' म्हणतो, हे अन्यायाचे आहे. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात, त्यामुळे दुसरे बोट लावून पाहण्याचा आग्रह धरावा. बोटे मुळीच चालत नसतील, तर बुबुळाची पडताळणी करता येते. नोव्हेंबर 2021 पासून चेहऱ्यानेही करता येते. चेहऱ्यासाठी अँड्रॉइड फोनवर 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन्ही ॲप्स लागतात. अनेक जण एकच घेतात आणि तिथेच अडतात. मुलांनी सुरक्षिततेसाठी वडिलांचे आधार बायोमेट्रिक लॉक करून ठेवले असेल, तर बोट, बुबुळ, चेहरा यांपैकी काहीच चालणार नाही, म्हणून आधी ते उघडून घ्यावे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमनला घरी बोलावता येते.

मुदतीबाबतही गोंधळ होतो. केंद्र शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांनी दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. 80 वर्षे पूर्ण केलेल्यांना 1 ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएस-95 (भविष्य निर्वाह निधी संघटनेची 1995 ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना) धारकांना मात्र नोव्हेंबरचे बंधन नाही. त्यांचा दाखला दिलेल्या दिवसापासून बारा महिने चालतो, म्हणजे मार्चमध्ये दिला असेल तर पुढच्या मार्चच्या आत पुन्हा द्यावा लागतो. नोव्हेंबरची वाट पाहत बसलेल्या कित्येकांचे पैसे अशाने मधेच थांबतात.

पडताळणी झाल्यावर येणारा दाखल्याचा क्रमांक, म्हणजे प्रमाण आयडी, मिळाला म्हणजे काम झाले, असे कृपया समजू नका. त्याने केवळ तुमची ओळख पटलेली असते. दाखला स्वीकारायचा की नाही, हे निवृत्तिवेतन देणारे कार्यालय नंतर ठरवते. पीपीओ क्रमांकातला एक आकडा चुकला, कार्यालयाचे नाव यादीतून चुकीचे निवडले किंवा पतीच्या पश्चात निवृत्तिवेतन घेणाऱ्या बाईंनी 'कौटुंबिक' हा प्रकार निवडला नाही, तर दाखला नाकारला जाऊ शकतो. स्वतःचे आणि कौटुंबिक अशी दोन निवृत्तिवेतने असतील, तर दाखलेही दोन करावे लागतात. म्हणून काही दिवसांनी संकेतस्थळावर किंवा बँकेत स्थिती विचारावी; नाकारला असल्यास तपशील दुरुस्त करून नवा दाखला करावा आणि थांबलेली रक्कम थकबाकीसह मागावी.