लय आणि ध्रुवता : हर्मेटिक तत्त्वे व बौद्ध विचार

लय आणि ध्रुवता ही हर्मेटिक (हर्मीस या पुराणपुरुषाच्या नावावर चालणाऱ्या गूढ परंपरेची) म्हणून सांगितल्या जाणाऱ्या सात तत्त्वांपैकी दोन तत्त्वे. ध्रुवतेचे तत्त्व म्हणते की ऊन-थंड, प्रेम-द्वेष, धैर्य-भीती या जोड्यांत दोन वेगळ्या वस्तू नसतात; एकाच वस्तूची ती दोन टोके असतात आणि फरक काय तो प्रमाणाचा. लयीचे तत्त्व म्हणते की या टोकांमध्ये सगळे सतत झुलत असते आणि लंबक उजवीकडे जितका जाईल तितकाच डावीकडे परत येतो. (मराठीत ‘लय’ म्हणजे आवर्तन आणि लय म्हणजे विलयही. या नोंदीत पहिला अर्थ घेतला आहे. बौद्धांचा भर मात्र बराचसा दुसऱ्यावर आहे.) सुखामागून दुःख, चढामागून उतार हे बौद्ध वाङ्मयातही पानोपानी येते, त्यामुळे दोन्ही शिकवणी एकच असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते. तसे नाही. हर्मेटिक मताने झोका हा विश्वाचा नियम आहे आणि शहाण्याने त्याच्या वर चढून बसायचे असते. बौद्ध मताने सुखदुःखाचा झोका तृष्णेच्या बळावर चालतो, म्हणून तो मुळातच थांबू शकतो.

तत्त्वांचे वय

हर्मेटिक हे नाव हर्मीस ट्रिस्मेगिस्टस, म्हणजे ‘त्रिवार थोर हर्मीस’, या पुराणपुरुषावरून पडले. ग्रीक देव हर्मीस आणि इजिप्तचा विद्यादेव थोथ यांच्या मिश्रणातून तो घडला. त्याच्या नावावरचे ग्रीक तत्त्वसंवाद रोमन अमलाखालच्या इजिप्तमध्ये साधारणपणे इ. स. पहिल्या ते तिसऱ्या शतकांत लिहिले गेले. मार्सिलिओ फिचिनोने १४६३ मध्ये फ्लॉरेन्स येथे कोझिमो दे मेदिचीसाठी त्यांचे लॅटिन भाषांतर केले. तेव्हा हे ग्रंथ मोझेसच्या काळाइतके जुने समजले जात. १६१४ मध्ये इझाक कॅसोबाँने भाषेच्या पुराव्यावरून ते ख्रिस्तोत्तर असल्याचे दाखवून दिले.

सात तत्त्वांची यादी मात्र या संवादांत कुठेच नाही. ती आली १९०८ साली शिकागोहून निघालेल्या ‘द किबॅलियन’ या इंग्रजी पुस्तकातून. लेखकाच्या जागी ‘तीन दीक्षित’ अशा अर्थाचे टोपणनाव होते. त्यामागची व्यक्ती विल्यम वॉकर ॲटकिन्सन (१८६२–१९३२) असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हा वकील ‘न्यू थॉट’ या मनोबलवादी चळवळीतला, आणि ‘योगी रामचरक’ या नावाने त्याने योगावरही पुस्तके लिहिली. याच शिकागोत १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत अनागारिक धर्मपालांनी बौद्ध धर्माची बाजू मांडली होती, म्हणजे पुस्तक निघण्याआधीच बौद्ध विचार त्या शहरात पोचला होता. प्राचीन इजिप्तचे ज्ञान आणि बुद्धवचन कसे जुळते याचे जे नवल केले जाते, ते निम्मे इथेच विरते. लंबकाचेच पाहा : क्रिस्तियान ह्यूगेन्सने लंबकाचे घड्याळ बनवले १६५६ मध्ये. नेमका तितकाच डावीकडे, तितकाच उजवीकडे हे चित्र घड्याळाच्या युगातले आहे.

मूळ संवादांतला एक प्रसंग या संदर्भात सहसा कोणी काढत नाही, हे खटकते. ‘पोइमान्द्रेस’ या पहिल्या संवादात मृत्यूनंतर माणूस सात ग्रहकक्षांतून वर जातो आणि प्रत्येक कक्षेत एकेक गोष्ट परत करून टाकतो. नंतरच्या कक्षांत लोभ, दर्प, असत्य वगैरे सुटतात. पहिल्याच कक्षेत तो परत करतो ती वाढण्याची आणि घटण्याची शक्ती. म्हणजे लय ही जुन्या हर्मेटिकांच्या लेखी वापरायची युक्ती नव्हती, पहिल्याच पायरीवर उतरवून ठेवायचे ओझे होते. बौद्धांशी तुलना करायची, तर ती इथून सुरू करायला हवी.

झोका कशाने चालतो

बौद्ध वाङ्मयात लयीच्या सर्वांत जवळ जातात ते आठ लोकधर्म. अंगुत्तरनिकाय या पाली उपदेशसंग्रहाच्या अष्टक निपातात (आठ-आठ गोष्टींच्या विभागात) त्यांच्या चार जोड्या दिल्या आहेत : लाभ-अलाभ, यश-अयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख. हे आठ धर्म जगाभोवती फिरतात आणि जग त्यांच्याभोवती फिरते, असे तिथे म्हटले आहे. अर्हताच्या (मुक्त झालेल्या साधकाच्या) वाट्यालाही ते येतातच, पण त्याचे चित्त त्यांत अडकत नाही.

इथपर्यंत किबॅलियनचा वाचक मान डोलावेल. लयीच्या ‘निष्प्रभीकरणा’चा जो उपाय त्या पुस्तकात आहे, तो असाच वाटतो : खालच्या पातळीवर लंबक झुलू द्यावा, आपण जाणिवेच्या वरच्या पातळीवर जावे. पण त्याचबरोबर ते पुस्तक भरपाईचा हिशेबही मांडते. ज्याला सुख तीव्रतेने भोगता येते, त्याला दुःखही तितक्याच तीव्रतेने सोसावे लागते. असा जमाखर्च बुद्धाने मांडलेला नाही. संयुत्तनिकाय या दुसऱ्या पाली संग्रहातील सल्लसुत्त (सल्ल म्हणजे बाण, सुत्त म्हणजे उपदेश) झोक्याचे कारणच उघडे करते. एक बाण लागलेल्या माणसाला दुसराही बाण मारावा, तसे सामान्य माणसाचे होते : शरीराची वेदना हा पहिला बाण, तिच्यावरून केलेला आकांत हा दुसरा. आणि मग तो कामसुखाकडे धावतो. का? तर दुःखातून सुटायची दुसरी वाटच त्याला ठाऊक नसते. दुःखाकडून सुखाकडे जाणारा लंबक इथे विश्वाच्या नियमाने झुलत नाही. अज्ञानाने ढकलला जातो. प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे दुःख कशातून कसे उपजते हे सांगणाऱ्या कारणसाखळीच्या, बारा कड्यांत वेदनेनंतर (इथे वेदना म्हणजे सुखद, दुःखद किंवा तटस्थ अशी कोणतीही संवेदना) तृष्णा येते आणि तृष्णेनंतर उपादान, म्हणजे धरून ठेवणे. या शेवटच्या शब्दाचा एक अर्थ इंधन असाही आहे. इंधन घातले नाही की ज्योत विझते. तिला कोणत्याही वरच्या मजल्यावर जावे लागत नाही.

परत येणारे सगळेच सुख दुःख घेऊन येते, हेही बुद्धाला मान्य नव्हते. कठोर देहदंडनानंतर त्याला जांभळाच्या सावलीत बालपणी अनुभवलेले ध्यान आठवले, आणि कामवासनेशी संबंध नसलेल्या या सुखाला मी का भितो, असा प्रश्न त्याने स्वतःला केला, अशी कथा मज्झिमनिकाय या पाली संग्रहात आहे. भरपाईच्या नियमात या प्रश्नाला जागा नाही.

आणखी एक अडचण आहे, ती वर चढणाऱ्याची. किबॅलियनमध्ये इच्छाशक्तीच्या जोरावर स्वतःला हव्या त्या ध्रुवावर नेणारा एक पक्का ‘मी’ आहे आणि त्याच्यामागे ‘सर्व’ नावाचे विश्वमन. बौद्धांच्या अनात्मवादात (कायमचा आत्मा नाही या मतात) पाच स्कंधांपलीकडे, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो त्या शरीर-मनाच्या पाच घटकांपलीकडे, असा स्वार सापडत नाही. योगाचार हा महायान पंथ सारे विज्ञानच (म्हणजे जाणीवच) आहे असे म्हणतो खरा, पण त्याचे आलयविज्ञान, म्हणजे संस्कार साठवणारी तळची जाणीव, हेही क्षणाक्षणाला बदलणारा ओघ आहे, अढळ आधार नव्हे.

प्रमाणाचा फरक की जातीचा

किबॅलियन तापमापीचे उदाहरण देते : पाऱ्याच्या रेषेवर थंडी कुठे संपते आणि उष्णता कुठे सुरू होते, हे दाखवता येत नाही. तसाच द्वेष हळूहळू सरकवत प्रेमापर्यंत नेता येतो. उष्णतेपुरते हे ठीक आहे. मनाच्या बाबतीत अभिधम्माचे (मनाचे बारीक विश्लेषण करणाऱ्या बौद्ध शास्त्राचे) उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. थेरवादी (पाली परंपरेच्या) अभिधम्माने मोजलेल्या ५२ चेतसिकांत, म्हणजे चित्ताबरोबर उपजणाऱ्या मानसिक घटकांत, द्वेष आणि अद्वेष ही स्वतंत्र चेतसिके आहेत. एका चित्तात दोन्ही एकदम उद्भवत नाहीत. म्हणून तिथे सरकवणे नसते, बदलणे असते. वितक्कसंठानसुत्तातला सुतार जाडी खुंटी काढायला तिच्यावर बारीक खुंटी ठोकतो; वाईट विचाराच्या जागी चांगला विचार असा आणायचा. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्ग या साधनाग्रंथाने तर आणखी बारकावा टिपला. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष, पण जवळचा शत्रू राग, म्हणजे आसक्ती. द्वेषाच्या विरुद्ध टोकाकडे डोळे मिटून निघालेला माणूस मैत्री समजून आसक्तीच्या घरी उतरू शकतो. तापमापीवर हा धोका दिसतच नाही.

मध्यम मार्ग हा दोन ध्रुवांमधला मध्यबिंदू, असा समजही याच ओघात होतो. सोण या भिक्खूला बुद्धाने वीणेचा दाखला दिला, तार फार ताणलेली नको आणि फार सैलही नको. हा मध्य प्रयत्नाच्या मोजमापाचा आहे आणि तो ध्रुवतेच्या कल्पनेत सहज बसतो. कच्चानगोत्तसुत्तातला मध्य वेगळा. ‘सर्व आहे’ हे एक टोक, ‘सर्व नाही’ हे दुसरे. दोहोंकडे न जाता तथागत (बुद्ध) कारणपरंपरा सांगतो. ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या मध्ये ‘थोडेसे आहे’ असा बिंदू नसतो. माध्यमिक पंथाचा आचार्य नागार्जुन याने मूलमध्यमककारिकेत या सुत्ताचा नावाने उल्लेख केला आणि ग्रंथाच्या आरंभीच निरोध-उत्पाद (संपणे-उपजणे), उच्छेद-शाश्वत (नाश-नित्यता), एक-नाना, आगम-निर्गम या चारही जोड्या नाकारल्या. टोके एकरूप आहेत असे तो म्हणत नाही. ज्या वस्तूची टोके म्हणायची तिलाच स्वभाव (स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व) नाही, असे म्हणतो.

जोड्यांचा प्रश्न बौद्ध परंपरेत फार आधी थेट विचारला गेला होता. मज्झिमनिकायातील चूळवेदल्लसुत्तात विशाख हा उपासक धम्मदिन्ना भिक्खुणीला एकामागून एक विचारत जातो. सुखवेदनेची जोडी कोणती? दुःखवेदना. दुःखवेदनेची? सुखवेदना. इथवर हा लंबकच आहे. मग धागा वळतो. सुखही नाही आणि दुःखही नाही अशा वेदनेची जोडी अविद्या, अविद्येची विद्या, विद्येची विमुक्ती, विमुक्तीची निर्वाण. पटिभाग, म्हणजे जोडीदार, हा एकच शब्द तिने आधी विरोधी जोडीला आणि मग सोबत येणाऱ्या जोडीला वापरला आहे. विशाख पुढे विचारतो, निर्वाणाची जोडी कोणती? धम्मदिन्ना त्याला अडवते : तुझा प्रश्न फार पुढे गेला, प्रश्नांची हद्द तुला धरता आली नाही, हवे तर भगवंतांनाच विचार. विशाख उठून जातो आणि सारा संवाद बुद्धाला सांगतो. बुद्ध म्हणतो, मला विचारले असतेस तरी मी हेच उत्तर दिले असते.