होल्स्टर निवडताना: स्पर्धात्मक पिस्तूल नेमबाजांसाठी माहितीपत्रक

होल्स्टर (पिस्तूल कमरेला अडकवायचे म्यान) बघायला आलेल्या नेमबाजाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: यातून पिस्तूल किती झटकन निघते? खरे तर वेळ जातो तो पकडीत. पिस्तुलाची मूठ धरली जाते ती पिस्तूल होल्स्टरमध्ये असतानाच. तिथे पकड तिरकी बसली की हात वर आल्यावर साइट (नेम धरायचा भाग) शोधत बसावे लागते, आणि वाचवलेला वेळ तिथेच खर्ची पडतो. त्यामुळे होल्स्टरकडून दोनच अपेक्षा ठेवा. मूठ दरवेळी त्याच जागी, त्याच कोनात, न हलता हाताशी यावी. आणि तोवर ट्रिगर पूर्ण झाकलेला असावा.

आधी खेळ, मग होल्स्टर

१० मीटर एअर पिस्तूल किंवा २५ मीटर रॅपिड फायर खेळत असाल तर होल्स्टर लागतच नाही. त्या पैशांत पिस्तुलासाठी चांगली पेटी घ्या. होल्स्टर लागते ते आयपीएससी (आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल नेमबाजी), यूएसपीएसए (तिची अमेरिकी शाखा), आयडीपीए (बचावात्मक पिस्तूल नेमबाजी) यांसारख्या, पिस्तूल कमरेवरून काढून सुरू होणाऱ्या प्रकारांत.

आयपीएससीमध्ये खांद्याला अडकवायचे किंवा मांडीला बांधायचे होल्स्टर चालत नाही. मुठीचा खालचा भाग पट्ट्याच्या वरच्या कडेखाली गेलेला चालत नाही. सैल उभे राहिल्यावर नळीचा रोख पायांपासून १ मीटरच्या आत असावा लागतो. प्रॉडक्शन (कारखान्यातून येतात तशा पिस्तुलांच्या) विभागात होल्स्टर आणि मॅगझिनचे (गोळ्यांच्या पेटीचे) पाऊच कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकामागेच हवेत, आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूपासून पिस्तुलाचे अंतर ५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आयडीपीएमध्ये पिस्तूल बऱ्याचदा जाकिटाखाली झाकून ठेवावे लागते, तेव्हा शरीरापासून लांब राहणारे होल्स्टर तिथे निरुपयोगी. नियम अधूनमधून बदलतात. पैसे देण्यापूर्वी आपल्या विभागाचे चालू नियमपुस्तक उघडून बघा.

रेस होल्स्टर की साधे?

रेस (पिस्तूल झटकन काढण्यासाठीच्या) होल्स्टरला कवच नसते. ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) एका ठोकळ्यात बसतो, नळीला खालून आधार असतो आणि एक छोटी कळ पिस्तूल लॉक करते. पिस्तूल वर न ओढता जवळजवळ सरळ पुढे काढता येते, हा त्याचा फायदा. पण ठोकळा तुमच्याच मॉडेलच्या ट्रिगर गार्डचा हवा. 'साधारण बसतो' असा ठोकळा पळताना पिस्तूल सोडतो. शिवाय लॉकची सवय हाडात मुरलेली लागते. स्टेजवर (स्पर्धेतल्या एका फेरीच्या जागी) चालत जाताना लॉक लावलेले, तयारीच्या आज्ञेनंतर उघडलेले. हे उलट झाले तर एकदा बझर वाजूनही पिस्तूल निघत नाही आणि एकदा न मागता निघते.

पहिले होल्स्टर घेणाऱ्याला आम्ही रेस होल्स्टर सुचवत नाही. कायडेक्सचे (कडक प्लास्टिकचे), मॉडेलप्रमाणे साच्यात काढलेले, कमरेबाहेरचे साधे होल्स्टर घ्या. ते जास्त विभागांत चालते आणि चुका पोटात घालते.

चामड्याचे होल्स्टर देखणे असते, पण घामाने मऊ पडते. तोंड मिटू लागले की पिस्तूल परत ठेवताना चामड्याची घडी ट्रिगर गार्डमध्ये शिरू शकते. तोंडाला कडक पट्टी शिवलेली असेल तरच घ्या.

मॉडेल जुळले म्हणजे सगळे जुळले असे नाही

तुमच्या पिस्तुलावर जे जे जास्तीचे बसवले आहे ते आम्हाला सांगा: रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट), उंच फ्रंट साइट, मोठे मॅगझिन बटण, रुंद सेफ्टी. रेड डॉटसाठी कवचाचा वरचा भाग कापलेला लागतो. फ्रंट साइटची खोबण अरुंद असेल तर साइटवर प्लास्टिकचा बारीक कीस साठतो. तो दिसला की होल्स्टर बदला किंवा खोबण मोकळी करून घ्या.

मॅगझिन बटणाचा घोळ मात्र घरी कळत नाही, स्टेजवर कळतो. कवचाचा आतला भाग बटण हलकेच दाबत असतो, मॅगझिन दोन मिलिमीटर खाली सरकते, पहिली गोळी सुटते आणि दुसरी चेंबरमध्ये (नळीमागच्या गोळीच्या जागेत) येतच नाही. दोष मॅगझिनच्या स्प्रिंगवर टाकला जातो. तपासणी सोपी आहे: रिकामे मॅगझिन लावून पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवा, खाली बसा, वाका, दहा पावले पळा, मग काढून मॅगझिन ओढून बघा. सिंगल अॅक्शन (आधी घोडा चढवावा लागणारे) पिस्तूल असेल तर त्याच वेळी सेफ्टी आपोआप खाली सरकली नाही ना, तेही बघा.

पट्टा

महागडे होल्स्टर आणि पँटचा रोजचा पट्टा ही जोडी आमच्याकडे सतत येते, आणि तक्रार होल्स्टरची असते. मऊ पट्ट्यावर पिस्तूल ओढले की आधी पट्टा वर येतो, मग पिस्तूल सुटते. स्पर्धेसाठी दुहेरी पट्टा घ्या. आतला पट्टा पँटच्या लूपमधून जातो, बाहेरचा कडक पट्टा त्यावर वेल्क्रोने चिकटतो. रुंदी साधारण ३८ मिलिमीटर असते. होल्स्टरची क्लिप त्याच मापाची हवी. क्लिप रुंद असेल तर मधली फट भरायला पट्टी मिळते, ती टाकून देऊ नका. वेल्क्रोत सुताचा कचरा भरला की पकड जाते. जुना टूथब्रश घेऊन तो काढत जा.

उंची आणि कोन

सरळ उभे राहा, हात सैल सोडा, मग तळवा मुठीवर न्या. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीच्या अगदी वरच्या टोकाला भिडली पाहिजे. त्यासाठी खांदा उचलावा लागला तर होल्स्टर उंच आहे, कमरेत वाकावे लागले तर खाली आहे. धड आखूड असेल किंवा नितंब रुंद असतील (महिला नेमबाजांना हा त्रास जास्त होतो), तर मूठ बरगड्यांत टोचते. तेव्हा होल्स्टर थोडे खाली आणि बाहेर नेणारी जोडपट्टी बसवा. वर दिलेली मापाची मर्यादा मात्र सांभाळा. सुरुवात शून्य कोनाने (होल्स्टर सरळ उभे ठेवून) करा. एका वेळी एकच बदल करून पन्नासेक वेळा सराव करा, नाहीतर फरक कशाने पडला हे कळत नाही.

स्क्रू

पकड घट्ट करणाऱ्या स्क्रूखाली रबरी वॉशर असतो. स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवा. मग पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, खोलीत एकही गोळी नसताना, ते होल्स्टरमध्ये ठेवा आणि गादीवर धरून उलटे हलवा. पडता कामा नये, पण काढताना झटकाही बसता कामा नये.

जुळवणी पक्की झाली की स्क्रूला मध्यम ताकदीचे निळे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारे द्रव) लावा, लालच्या वाटेला जाऊ नका. थेंब स्क्रूच्या धातूच्या आट्यांवरच द्या आणि सांडलेले लगेच पुसा. हे द्रव काही प्लास्टिकना तडे पाडते. स्क्रूच्या डोक्यावरून कवचापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला आहे हे लांबूनही कळते.

वापरताना

पिस्तूल परत ठेवताना घाईला काहीच बक्षीस नाही. बोट ट्रिगर गार्डबाहेर सरळ, नजर होल्स्टरच्या तोंडावर. शर्टाचे टोक किंवा जाकिटाच्या नाडीची गाठ आत अडकली की ती बोटासारखीच ट्रिगर दाबते. अडथळा जाणवला तर रेटू नका, बाहेर काढून बघा.

फैरीच्या दरम्यान पिस्तूल पडले तर आयपीएससीत ते रिकामे असले तरी बाद. एरवी रिकामे पिस्तूल पडले तर ते स्वतः उचलू नका, रेंज ऑफिसरला हाक मारा. उचललेत तर तिथेही बाद व्हाल.

कायडेक्सचे होल्स्टर उन्हात बंद गाडीत ठेवू नका, उष्णतेने आकार बदलतो. आतली माती कोरड्या ब्रशने काढा, तेल लावू नका. तेलात धूळ चिकटते आणि स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर) ओरखडे उठतात. चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल दिवसेंदिवस ठेवलेत तर ओल धरून गंज चढतो.

होल्स्टर घ्यायला येताना तुमचा स्पर्धेचा पट्टा, पँट आणि बूट घालून या. पिस्तूल आणू नका. नेमके मॉडेल, नळीची लांबी आणि बसवलेल्या भागांची यादी लिहून आणलीत तरी पुरे, जुळवणीसाठी आमच्याकडे त्या आकाराचे प्लास्टिकचे नमुने आहेत. डावखुरे असाल तर आधी कळवा, म्हणजे नमुना काढून ठेवता येईल.