आयरिश हार्प : तुटलेली वाट आणि आजचा विद्यार्थी

आयरिश हार्पवर सोप्या धुना हातात बसल्या की पुढच्या टप्प्यावर विद्यार्थ्यासमोर एक अवघड प्रश्न येतो. हे तंतुवाद्य आयर्लंडच्या राजमुद्रेवर आहे, नाण्यांवर आहे. बाराव्या शतकात आयर्लंडला आलेल्या जेराल्ड ऑफ वेल्स या पाद्री-लेखकाने तिथल्या वादकांच्या वेगाची आणि नेमकेपणाची तोंड भरून स्तुती केली होती. मग ते तयारीने वाजवायचं कसं, हे गुरूकडून शिष्याकडे अखंड का आलं नाही?

जुना हार्प पितळी तारांचा. वाढवलेल्या नखांनी तो छेडत आणि तार बराच वेळ घुमत राही. म्हणून कोणती तार कधी छेडायची याइतकंच कोणती कधी दाबून गप्प करायची, हेही शिक्षणात येई. वादकांना सरदार-जमीनदारांचा आश्रय असे. सतराव्या शतकात जुनी आयरिश घराणी उद्ध्वस्त झाली तसा तो आश्रय सुटला. देवीच्या साथीत दृष्टी गेलेल्या टर्लो ओ'कॅरोलनने (१६७०–१७३८) घरोघर फिरून यजमानांसाठी धुना रचल्या, त्या याच उतरत्या काळात.

जुलै १७९२ मध्ये बेलफास्टमध्ये उरलेल्या वादकांना एकत्र बोलावलं, तेव्हा दहाच आयरिश वादक आले. त्यांतले बरेच अंध होते. जुन्या पद्धतीने नखांनी वाजवणारा एकटाच, डेनिस हेम्पसन. त्याचं वय तेव्हा ९७ सांगतात. धुना टिपायला एकोणीस वर्षांचा ऑर्गनवादक एडवर्ड बंटिंग नेमला होता. स्वतःचा एक स्वरही घालायचा नाही, अशी त्याला ताकीद होती. पुढे १७९६, १८०९ आणि १८४० मध्ये त्याने जे खंड छापले, त्यांत मात्र धुना पियानोसाठी बांधलेल्या आहेत. हार्पच्या डाव्या-उजव्या हाताची मूळ कामगिरी त्यात हरवली, आणि हे नुकसान मोठं होतं. तरी आपण बंटिंगचे ऋणीच आहोत. १८४० च्या खंडात त्याने बोटांच्या हालचालींची आयरिश नावं दिली आहेत. तबल्याच्या बोलांसारखी प्रत्येक नावामागे ठरलेली बोटं आणि ठरलेला क्रम आहे. त्याच्या हस्तलिखित वह्याही बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात आहेत.

शिकवणी चालू ठेवायचे प्रयत्न झाले. १८०८ मध्ये बेलफास्टमध्ये अंध मुलांसाठी हार्पची शाळा निघाली, वादक आर्थर ओ'नील तिथे शिकवी. पैशांअभावी ती काही वर्षांतच मिटली. त्याच सुमारास डब्लिनचा कारागीर जॉन इगन तातीच्या (आतड्याच्या) तारांचे, अर्धस्वरासाठी कळा असलेले छोटे हार्प बनवू लागला. नखं गेली, बोटांची टोकं आली. आजचा नायलॉनच्या तारांचा, अर्धस्वरासाठी खटके असलेला हार्प याच वंशातला. विसाव्या शतकात तो कॅथलिक मठांच्या शाळांतून मुलींच्या हाती राहिला, प्रामुख्याने गाण्याच्या साथीला. १९६० मध्ये 'कार्दे ना क्रुते' ही संस्था निघाली आणि वाद्याला पुन्हा स्वतंत्र शिक्षण मिळू लागलं.

रील आणि जिग या नाचाच्या धुना मात्र अजून फिडल (व्हायोलिन), बासरी आणि पाइप्स (भात्याचं सुषिरवाद्य) यांच्याकडेच होत्या. या धुनांत एका स्वराभोवती वरचा-खालचा स्वर झपकन घ्यावा लागतो. हार्पवर त्याच तारेवर बोट लगेच परतलं तर तार खरखरते किंवा बंद पडते. कॉर्कच्या मॉयरा नी खाहसिग यांनी १९७० च्या दशकात बोटांचे नवे क्रम बसवून हे सोडवलं. त्यांच्या १९८५ च्या ध्वनिमुद्रिकेनंतर नव्या पिढीला वाट मिळाली. आज वरच्या पातळीवर 'पारंपरिक' म्हणून जे शिकवलं जातं, त्यातलं नाचाच्या धुनांचं तंत्र इतकं अलीकडचं आहे. ते कमअस्सल आहे असं मला मुळीच वाटत नाही. त्याचं व्याकरण फिडल आणि पाइप्सच्या जिवंत परंपरेतूनच आलंय.

१९७० च्याच दशकात अमेरिकेत अ‍ॅन हेमन यांनी पितळी तारा आणि नखं यांचा पुन्हा शोध सुरू केला. २००२ पासून आयर्लंडच्या ऐतिहासिक हार्प संस्थेने ते काम पुढे नेलं. बंटिंगची छापील धून बाजूला ठेवून वहीतल्या घाईच्या टिपणातून मूळ चाल शोधायची, अशी ही मेहनत. युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आयरिश हार्पवादन २०१९ मध्ये आलं.

रील-जिगांत तयार झालेल्या विद्यार्थ्यानेही काही महिने पितळी तारांवर घालवावेत, असं मला मनापासून वाटतं. ओ'कॅरोलनच्या धुना सगळेच वाजवतात; हेम्पसनला त्या फारशा रुचत नसत, त्याचा ओढा त्याहून जुन्या धुनांकडे होता. त्या जुन्या धुना पितळी तारांच्या लांब घुमाऱ्यावरच बेतलेल्या आहेत.