रोरी मॅकिलरॉय अन् ‘ग्रँड स्लॅम’चा घोळ

१४ एप्रिल २०२५ ची पहाट. गावात जयंतीची लगबग, चौकात निळ्या पताका, अन् इकडं मोबाईलवर गोल्फर रोरी मॅकिलरॉय अमेरिकेतल्या ऑगस्टाच्या हिरवळीवर गुडघे टेकून रडतोय, तिकडं अजून रविवारची संध्याकाळच होती. सकाळी ग्रुपवर आलं की रोरीनं मास्टर्स ही स्पर्धा जिंकून ग्रँड स्लॅम मारला, तं आमचे पोट्टे विचारतात, काहून, यानं आधीच चार जिंकले होते ना?

हा घोळ टेनिसमुळं. टेनिसमधे एकटं विम्बल्डन जिंकलं तरी पेपरवाले ग्रँड स्लॅम म्हणतात. गोल्फमधे सुट्या स्पर्धेला मेजर म्हणतात, अशा चार वेगवेगळ्या मेजर (मास्टर्स, पीजीए, यूएस ओपन अन् ब्रिटनवाली नुसती ‘ओपन’) नावावर झाल्या की स्लॅम. रोरीकडं आधी चार मेजर होत्या खऱ्या, पण त्यात पीजीए दोनदा अन् मास्टर्स एकदाही नाही. मूळ शब्द पत्त्यांतला, ब्रिजमधे तेराचे तेरा हात उचलले की ग्रँड स्लॅम. १९३० ला एका अमेरिकन वकिलानं, जो पैशासाठी खेळतच नव्हता, एका वर्षात चार मोठ्या स्पर्धा मारल्या अन् पेपरवाल्यांनी हा शब्द गोल्फला चिकटवला. पण त्यातल्या दोन हौशी खेळाडूंच्या होत्या, अन् मास्टर्स तं तेव्हा नव्हतीच, ती त्याच वकिलानं पुढं १९३४ ला सुरू केली. आजची यादी रुळली १९६० ला, जेव्हा वर्षातल्या दोन मेजर खिशात घालून ओपनला निघालेल्या एका चॅम्पियननं विमानात पत्रकाराशी गप्पा मारता मारता आजच्या चारही मेजर एकाच वर्षात, अशी स्लॅमची नवी व्याख्या मांडली. तो स्वतः ओपन एका फटक्यानं हरला, व्याख्या मात्र टिकली.

आता या व्याख्येनं एका वर्षात चारही मारणारा पुरुष आजवर झालाच नाही. १९५३ ला एकानं तीन मारल्या, पण चौथीच्या तारखा ओपनला भिडत होत्या, जाणार कसा? टायगर वुड्सकडं २००१ ला चारही एकाच वेळी होत्या, पण तीन आदल्या वर्षीच्या, म्हणून त्यावर अजून वाद. म्हणून मग ‘करिअर’ ग्रँड स्लॅम, म्हणजे चारही मेजर जन्मभरात कधीही. आपल्या भाषेत सांगायचं तं एकाच हंगामात चार नामी शंकरपट (बैलजोड्यांच्या शर्यती) मारणं वेगळं, अन् जन्मभरात जोड्या बदलत चार पट मारणं वेगळं. दोन्हीला एकच नाव दिल्यानं पहिल्याची किंमत उतरते, असं मला तरी वाटतं. गंमत म्हणजे या करिअरवाल्या यादीतला पहिला माणूस १९३५ ला चारही पूर्ण करून बसला होता, तेव्हा यादीच नव्हती!

असो. रोरी या यादीत सहावा. उत्तर आयर्लंडमधल्या हॉलिवूडचा, १९८९ चा जन्म. बाप बारमधे अन् साफसफाईच्या कामावर, आई कारखान्यात रात्रपाळीला, एकुलत्या पोराच्या खेळापायी. पोरगा नऊ वर्षांचा असताना टीव्हीवर वॉशिंग मशीनमधे चेंडू टाकून दाखवायचा. २००४ ला बापानं २०० पौंड लावले की पोरगा सव्विसाव्या वाढदिवसाआधी ओपन मारेल, ५०० ला १ भाव होता, अन् २०१४ ला पैसे वसूल.

त्याआधी २०११ ची मास्टर्स. २१ वर्षांचा पोरगा, शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी, अन् त्या दिवशी ८० फटके घेऊन (गोल्फमधे फटके कमी तेवढं चांगलं) सगळं घालवलं. दोन महिन्यांत यूएस ओपन आठ फटक्यांनी, पुढच्या वर्षी पीजीए तशीच आठनं, २०१४ ला ओपन अन् पुन्हा पीजीए. मग जवळपास अकरा वर्षं एकही मेजर नाही बाप्पा, अन् ते काही फॉर्म गेला म्हणून नाही, नंबर वनवर तं येऊन जाऊन होताच. २०२२ ला सेंट अँड्र्यूजच्या ओपनला शेवटच्या दिवशी पुढं असून तिसरा. २०२३ ची यूएस ओपन एका फटक्यानं गेली. २०२४ च्या यूएस ओपनला पाइनहर्स्टवर दोन बारके पट (होलमधे चेंडू ढकलायचे हलके फटके) चुकले, तिथंही एकच फटका. हातातोंडाशी आलेलं पीक अवकाळीत जातं तसं दरवर्षी.

२०२५ लाही तेच होणार वाटलं. पहिल्याच होलवर डबल बोगी (ठरल्यापेक्षा दोन फटके जास्त), तेराव्याला सोपा फटका नाल्यात, अठराव्याला जवळचा पट हुकला अन् बरोबरी होऊन मॅच प्लेऑफमधे, म्हणजे जादा होलवर. तिथं पहिल्याच होलवर चेंडू झेंड्याच्या काठीजवळ ठेवून बर्डी (ठरल्यापेक्षा एक फटका कमी). मास्टर्सचा सतरावा प्रयत्न, वय ३५. टायगरनं हे चोविसाव्या वर्षीच उरकलं होतं, म्हणून तुलना नकोच, पण आठवडाभरात चार डबल बोगी मारून मास्टर्स जिंकणारा याच्याआधी कोणी नव्हता.

त्याच जुलैत ओपन होती पोर्टरशला, त्याच्या घरच्या मुलखात. सोळाव्या वर्षी त्यानं तिथं ६१ फटक्यांत फेरी संपवली होती, अन् २०१९ ला तिथंच पहिला चेंडू हद्दीबाहेर घालवून पहिल्या होलवर आठ फटके घेतले, एका फटक्यानं कट (शेवटचे दोन दिवस खेळायची पात्रता) हुकला. या वेळी सातव्या नंबरवर बरोबरीत राहिला.